शांत जनरेटर हवाय? मग आधी रात्रीचं बोला

कॅम्पिंगला, मासेमारीला किंवा गाडीतून लांबच्या भटकंतीला नेण्यासाठी ‘शांत आणि स्वस्त’ जनरेटर कोणता, हा प्रश्न इनबॉक्समध्ये वरचेवर येतो. विचारणाऱ्याने दोन-तीन मॉडेलं आधीच हेरून ठेवलेली असतात, मी फक्त एकावर बोट ठेवायचं असतं. मी उलट विचारतो, रात्री दहानंतर तुमचं नेमकं काय काय चालू असणार? उत्तर ऐकल्यावर लक्षात येतं की बऱ्याच जणांचं काम ते बघत असलेल्या मशीनच्या निम्म्यात भागेल, आणि काहींना तर जनरेटरची गरजच नाही. माझं मत सरळ आहे: जनरेटर छोटा घ्या, दिवसा चालवा, रात्र बॅटरीवर काढा. शांतता मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी दिसलेला नाही.

आता डेसिबलचा आकडा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

खोक्यावर ठळक अक्षरात ‘५२ डेसिबल’ छापलेलं असतं. किती अंतरावरून मोजले? किती लोड (म्हणजे जोडलेल्या वस्तूंचा भार) असताना? ते बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. बऱ्याच कंपन्या ७ मीटरवरून मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १ मीटरवर ७४ डेसिबल भरणारं मशीन ७ मीटरवर ५७ दाखवतं. मशीन तेच, फक्त माप घेणारा लांब जाऊन उभा राहिला. त्यात पुन्हा मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा पाव लोडवरचा असतो. होंडाच्या ईयू२२००आय या बऱ्याच नावाजलेल्या मॉडेलला कंपनीच ४८ ते ५७ डेसिबल असा पट्टा देते. ४८ कमी लोडला, ५७ पूर्ण लोडला. मधले ९ डेसिबल कागदावर किरकोळ दिसतात, पण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो.

आणखी एक मेख आहे. काही मशीनवर ‘एलडब्ल्यूए’ लिहून शेजारी ८९ किंवा ९५ असा घाबरवणारा आकडा असतो. ती यंत्रातून बाहेर पडणारी एकूण ध्वनिशक्ती. कुठल्या अंतरावर किती ऐकू येईल हे ती सांगत नाही. उघड्यावर, जमिनीवर ठेवलेल्या मशीनसाठी त्यातून २५ वजा केले की ७ मीटरवरचा अंदाज मिळतो, म्हणजे ८९ वाला तिथे ६४ च्या आसपास ऐकू येतो. एका मशीनचा हा आकडा आणि दुसऱ्याचा ७ मीटरचा आकडा शेजारी ठेवून तुलना केलीत तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा. मोबाईलवरचं आवाज मोजणारं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने, एकाच अंतरावरून दोन मशीन मोजलीत तर कोणतं जास्त ओरडतं एवढं नक्की कळतं. दुकानात ते करायला लाजू नका.

स्वस्त, उघड्या सांगाड्याचा जनरेटर इतका कर्कश का असतो? त्याला पर्यायच नसतो. ५० हर्ट्झची वीज द्यायची तर त्याचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच फिरलं पाहिजे, ६० हर्ट्झ हवी तर ३६०० वर. तुम्ही फक्त एक एलईडी दिवा लावा, तरी ते तेवढंच धावणार. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाच्या वेगाचा विजेच्या फ्रिक्वेन्सीशी संबंध तोडलेला असतो. आधी विजेची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करायची आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने त्यातून स्वच्छ, म्हणजे चढ-उतार नसलेली एसी (घरातल्यासारखी) वीज घडवायची. त्यामुळे लोड कमी असला की इंजिन निवांत चालतं. बंद खोकं, मोठा सायलेन्सर हे सगळं त्यानंतरचं. लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर, झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं सीपॅप मशीन असलं काही चालवायचं असेल तर ही स्वच्छ वीज कामाची. फक्त मोठा बल्ब आणि पाण्याचा पंप चालवायचा असेल तर ती चैन आहे, पण कानांसाठी तरीही इन्व्हर्टरच घ्या.

आणि हो, लोड कमी झाला की इंजिनाचा वेग आपोआप उतरवणाऱ्या इको मोडचं कौतुक सगळे करतात, त्याची खोड कुणी सांगत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसं इंजिन एकदम चढतं, मग उतरतं, पुन्हा चढतं. एकसुरी घरघर माणूस झोपेत विसरू शकतो. हे चढ-उतार विसरता येत नाहीत.

साइजबद्दल फार वेळ घालवत नाही. एकाच वेळी चालणाऱ्या वस्तूंच्या वॅटची बेरीज करा आणि मोटर असलेल्या वस्तूला सुरू होताना नेहमीच्या दोन-तीन पट, कधी त्याहून जास्त झटका लागतो हे लक्षात ठेवा. मशीनवरचा मोठा आकडा त्या झटक्यापुरता असतो, रोजचा त्याखालचा: वर सांगितलेलं मॉडेल नावाने २२०० आणि सलग चालवायला १८०० वॅटचं. चालू लोड त्या खालच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला तर आवाज, पेट्रोल, आयुष्य सगळं बरं राहतं. उंच डोंगरावर जाणार असाल तर दर हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद कमी धरा. बहुतेकांचा हिशेब एका वस्तूमुळे बिघडतो, ती म्हणजे इलेक्ट्रिक किटली किंवा शेगडी. ती दीड-दोन हजार वॅट एकटी खाते. पाणी गॅसवर तापवा, मशीनचं वजन आणि किंमत दोन्ही खाली येतील. हवा थंड करणारा एसी मात्र हट्टाने हवाच असेल तर माझं हे छोट्या मशीनचं गणित तुमच्या उपयोगाचं नाही.

उरलं काय? दिवे, फोन, लॅपटॉप, छोटा फ्रिज, पंखा. रात्रभराचं हे सगळं १ किलोवॅट-अवरच्या, म्हणजे एक युनिट वीज साठवणाऱ्या पोर्टेबल बॅटरीत सहसा बसतं. मग जनरेटर रात्री चालवायचाच कशाला? इथे पेट्रोलचा हिशेबही माझ्या बाजूने आहे. त्याच होंडाची टाकी सुमारे ३.६ लिटरची. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ती पाव लोडवर ८.१ तास आणि पूर्ण १८०० वॅटवर ३.२ तास पुरते. गुणाकार करून बघा: पाव लोडवर एका युनिटला जवळजवळ १ लिटर पेट्रोल जळतं, पूर्ण लोडवर सुमारे ०.६ लिटर. म्हणजे रात्रभर दोन दिव्यांसाठी जनरेटर ताटकळत ठेवणं हा वीज मिळवण्याचा सगळ्यात उधळा मार्ग. दुपारी, आजूबाजूला गडबड असताना, बॅटरीला दणकून चार्ज करा आणि मशीन बंद करा. चार्जिंग एसी सॉकेटवरून करा. जनरेटरवरचं १२ व्होल्टचं डीसी सॉकेट फार थोडा करंट देतं, त्यावर दिवस जाईल.

बॅटरी आणि जनरेटर दोन्ही म्हणजे खर्च दुप्पट, असं कुणी तरी लिहीलच. मोठ्या इन्व्हर्टर जनरेटरऐवजी १००० वॅटचा छोटा घेतला की वाचलेल्या पैशांतून बॅटरीचा बराच भाग सुटतो. आणि साधारण १२-१५ किलोचं मशीन एका हाताने उचलता येतं, याची किंमत पाठीला विचारा.

पैसे कुठे वाचवावेत? अनोळखी ब्रँड चालेल, पण स्पेअर पार्ट आणि दुरुस्ती करणारा जवळपास हवा. रिमोट स्टार्ट, रंगीत डिस्प्ले नको. टू-स्ट्रोक मशीन घेऊन मात्र पैसे वाचवू नका. साठ-पासष्ट सीसीचे ते छोटे डबे हलके आणि फार स्वस्त असतात, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत बसा, धूर सोसा आणि आवाज असा की शेजारचा तंबू पहाटे तुमच्याशी बोलणार नाही. गॅसवरही चालणारी मॉडेलं चांगली. ताकद थोडी कमी मिळते, पण इंधन शिळं होत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र सिलिंडरमध्ये प्रोपेन हवा, ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो.

एका बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही. आवाज कमी म्हणून शांत मशीन लोक तंबूच्या दाराशी, ओसरीत, गाडीच्या मागच्या दाराखाली आणून ठेवतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटेपर्यंत उठून बाहेर जायची ताकद संपलेली असू शकते. माणसं झोपतात तिथून किमान ६ मीटर लांब, धूर उलट दिशेला, वारा कुठून येतोय ते पाहून. तंबूत किंवा गाडीत बॅटरीवरचा सीओ अलार्म लावा. काही नव्या मशीनमध्ये हा वायू साठला की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. त्यासाठी जरूर थोडे जास्त मोजा, पण त्याच्या भरवशावर अंतर कमी करू नका. लांब ठेवलं की आवाजही उतरतो, फक्त केबल जाड घ्या. मशीनभोवती घरगुती लाकडी खोकं ठोकण्याचे व्हिडिओ पाहून मोहात पडू नका, हवा कोंडली की इंजिन तापतं.

जुना घेत असाल तर विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येण्याआधी सुरू करू नका. थंड इंजिन दोन-तीन ओढीत लागलं पाहिजे. मग जेवढ्या वॅटचं मशीन, जवळपास तेवढ्या वॅटचा हीटर लावून दहा मिनिटं चालू द्या. इंजिन वर-खाली हेलकावे खात असेल तर बहुधा कार्बोरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसलाय. ते साफ होतं, पण किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. नवा घेतलात तर पहिलं ऑइल २० तासांच्या आसपास बदला आणि महिनोन्‌महिने ठेवून देण्याआधी कार्बोरेटर रिकामा करा.

कुठलं मॉडेल ते कमेंटमध्ये विचारा, पण वॅटची बेरीज करून या.