मंचावर कापणारा आवाज आणि रियाज : एक खुलासा

‘मैफलीत ज्याचा आवाज कापतो, त्याचा रियाज कच्चा,’ असा संदेश सध्या फिरत आहे; तो चुकीचा असून शिकणाऱ्यांवर अन्याय करणारा आहे. स्वरयंत्राचे स्नायू व्हेगस या मज्जातंतूच्या शाखा चालवतात, आणि भीती वाटताच अ‍ॅड्रेनॅलिन स्रवून तोंडाला कोरड पडते, श्वास उथळ होतो, गळ्याचे स्नायू आवळतात. म्हणूनच घरी तानपुऱ्यावर निवांत लागणारा षड्ज मंचावर पहिल्याच आलापात हलतो. रियाजाने आधार मिळतो, हे खरेच. पण मुरलेल्या गवयांनाही ही भीती गाठते. सावकाश, लांब उच्छ्वासाने ती पुष्कळदा ओसरते. घोगरेपणा मात्र ३ आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.