सूट नको, नळी घाला

माझ्याकडे वडिलांची १९७१ ची फियाट आहे. गिअर स्टिअरिंगपाशी, थंडीत चोक ओढल्याशिवाय उठायचं नाव नाही. रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडने धरणापर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत यायचं, एवढीच तिची नोकरी. तरीही आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर अधूनमधून उसळी मारणाऱ्या एका मागणीला माझा साफ विरोध आहे: आपल्या गाड्यांना पीयूसीतून, म्हणजे धूर तपासणीतून, सूट द्या.

दाखले नेहमी परदेशातले. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धूर तपासणी नाही. इंग्लंडात ४० वर्षांहून जुनी, फारशी न बदललेली गाडी २०१८ पासून एमओटी या गाडीच्या वार्षिक तपासणीतून सुटली. खरंय. पण अहो, आपल्याला सूट केव्हाच मिळाली आहे! बीएस-४ म्हणजे नव्या प्रदूषण निकषांतल्या पेट्रोल कारला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, माझ्या फियाटला ३ टक्के. दहापट. हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, तिला २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग), मला १५००. आणखी किती लाड करून घ्यायचे?

मागच्या खेपेला पीयूसी काढायला गेलो. पोराने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि प्रिंट द्यायला निघाला. म्हटलं, "अरे, नळी तरी घाल सायलेन्सरमध्ये." तर म्हणतो, "कशाला काका? जुनी गाडी, उगाच फेल दाखवेल." मी हट्टाला पेटलो. नळी गेली, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आला ५.८ टक्के. दोघेही गप्प.

तसाच मिस्त्रींकडे. प्लग काढले तर काजळीने काळेठिक्कर. "मिक्स्चर रिच झालंय साहेब, नुसती पेट्रोल पितेय." एअर फिल्टर आपटला तर मूठभर धूळ. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप लावला, मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव पाव आटा फिरवत बसले, कान इंजिनाकडे, डोळे मिटलेले. मध्ये माझा फोन वाजला तर हातानेच गप्प केलं मला. तासाभराने परत त्याच दुकानात: २.४. पोरगा माझ्यापेक्षा खूश.

आणि हो, मागच्या सीटवर बसलं की साडीला वास येतो, ही बायकोची कित्येक वर्षांची तक्रार. 'जुन्या गाडीला असतोच वास' म्हणून मी ती उडवून लावायचो. तो वास गेला.

ज्यांना जुन्या गाडीसाठी वेगळे नियमच हवेत त्यांच्यासाठी २०२१ चे व्हिंटेज नियम आहेत. गाडी ५० वर्षांची आणि मूळ रूपात असेल तर व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून, १० वर्षांसाठी. मात्र मग ती रस्त्यावर काढायची ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती असल्याच कामांना. हा सौदा मला रास्त वाटतो. गाडी कमी फिरवा, मग सवलत मागा. माझी फियाट वयात बसते, पण मला धरणावरचा चहा सोडवत नाही, म्हणून मी तो नंबर घेतलेला नाही. रस्त्यावर इतरांसारखी फिरवायची, तर इतरांसारखी नळी घालून घेणं आलंच.

ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने 'घरभेदी' म्हटलं. म्हणू दे. भांडायचंच असेल तर न तपासता हातात पडणाऱ्या त्या कागदाशी भांडू या. त्याने माझा ५.८ अगदी आरामात पास केला असता.

पीयूसीचे सहा महिने भरत आलेत. या रविवारी धरण नाही, आधी फिल्टर झाडून घेतो.