भात्याचा हात

जॅझ पियानोच्या पहिल्या शिकवणीला मी बाकावर बसलो, कानाच्या पाळीला हात लावला, पट्ट्यांना नमस्कार केला आणि वाजवायला लागलो. सर म्हणाले, "अंकल, तो हात काय करतोय?"

पाहिलं तर माझा डावा हात हवेतल्या हवेत, इमानेइतबारे, भाता मारत होता.

त्याचा काय दोष? चाळीस वर्षं मी पेटी वाजवतोय. सूर, हरकती, गायकाच्या मागून धापा टाकत धावणं, सगळं उजव्याकडे. डाव्याकडे फक्त हवा. थोरल्याला जन्मभर गल्ल्यावर बसवावं आणि पन्नाशीला सांगावं, बाळा, आता डॉक्टर हो, तशी त्याची गत झाली. जॅझमध्ये डाव्यानं कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरायच्या असतात, आणि त्याही ऐन वेळी, तालातल्या भलत्याच फटीत.

मी इथे आलो तो गर्वानं. जॅझ म्हणजे उपज, वाजवता वाजवता सुचेल ते. उपज आपल्याला काय नवीन? विशारद आहोत, हातात पलटे आहेत, तीन महिन्यांत उरकू. शिवाय अपमानाची सवय आहे. आमच्या वाद्याला रेडिओनं १९४० साली जी बंदी घातली ती तीसेक वर्षं उठवली नव्हती.

सरांचं वय सव्वीस. मी त्यांना 'सर' म्हणतो, ते मला 'अंकल'. पणजोबा गोव्याहून मुंबईत आलेले, हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक आले आणि चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवलेल्या गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून हे वेड उचललं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ तर 'चिक चॉकलेट' म्हणून एवढे गाजले की लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आमच्या घराचा जॅझशी संबंध इतकाच, की १९७८मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली तेव्हा वडील जाऊन आले आणि आजीनं प्रसाद मागितला.

सुरुवात बारा मात्रांच्या, चुकलो, बारा बारच्या ब्लूजनं झाली; एक बार म्हणजे चार मात्रा. सरांनी सी-सेव्हन धरली: सा, ग, प, कोमल नी. छान, खमाज. मी डोळे मिटले. पाचव्या बारला एफ-सेव्हन आली आणि मघाचा शुद्ध गंधार कोमल झाला. का झाला, कोणाला विचारून झाला, काही नाही. वर सर म्हणाले, "आता सी-सेव्हनवरच उजव्या हातानं कोमल ग घ्या." म्हणजे खाली शुद्ध, वर कोमल, एकाच वेळी! जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण येताना एक, जाताना दुसरा, सोवळ्यानं. इथे दोघं एका ताटात जेवतायत. मी हात मागे घेतला. सर म्हणाले, "तोच तर ब्लूज, अंकल."

"पण सर, सा कुठला धरायचा?"

"कुठला पाहिजे? बदलत राहतो."

ज्या माणसानं तानपुऱ्याशिवाय कधी चहासुद्धा घेतला नाही, त्याला हे ऐकून बाक हलल्यासारखं वाटलं.

अमेरिकन ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसची १९५९ची 'सो व्हॉट' ही रचना निघाली तेव्हा मात्र जिवात जीव आला. तिची डोरियन सुरावट म्हणजे आपला काफी थाट. सोळा बार मी मनसोक्त काफी वाजवला, एक ठुमरीची जागाही घेतली. सरांनी भुवया उंचावून दाद दिली आणि ओरडले, "आता अर्धा सूर वर!" आठ बार सगळं बिऱ्हाड एक पट्टी वर, मग पुन्हा खाली. आमच्याकडे यासाठी स्केल चेंजर पेटी असते: पट्ट्या उचलायच्या, सरकवायच्या, मोकळं व्हायचं. मी सवयीनं पियानोची कड धरून पाहिली. दोनशे किलोंचं धूड हललं नाही.

तालाचं तर बोलूच नये. आम्ही समेवर मान टाकणारी माणसं. हे लोक टाळी देतात दोन आणि चारवर. सरांनी मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, तसा लावला. मी पहिल्याच टिकटिकीला सम समजून मान टाकली आणि सबंध गाणं एक मात्रा सरकून वाजवलं. शेवटी तिहाईही घेतली. ती सुंदर पडली, फक्त दुसऱ्याच कोणाच्या तरी समेवर. सर म्हणाले, "तेच तीनदा का वाजवलं?" आता यांना काय सांगायचं!

आठ महिने रोज पहाटे डाव्याला दामटलं. तिसरा आणि सातवा सूर एवढंच धर, बाकी सोडून दे, असं सर सांगत. बायको म्हणाली, हल्ली तुम्ही झोपेतही पोटावर काहीतरी दाबता. हळूहळू हात वळला.

गणपतीत सोसायटीच्या आरतीला पेटी नेहमीसारखी माझ्याकडे. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्याला उजव्या हातानं एक कोमल नी आपणहून खाली सोडला. तबल्यावरच्या पोरानं चमकून पाहिलं. मला चेव आला. धृपदाला, टाळ ऐन भरात असताना, डावा हात भाता सोडून दिमाखात पट्ट्यांवर येऊन बसला आणि त्यानं तिसरा आणि सातवा बरोब्बर धरला.

पेटीनं एक उसासा सोडला आणि बंद पडली.

आरती झाली. सेक्रेटरी काका प्रसादाची वाटी घेऊन जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाता फाटलाय वाटतं. मघापासून बेसूरच येत होती ती. दुरुस्तीला टाका, मंडळ पैसे देईल."