तंग सैल झालाय!

‘सामुराई कधीही कपटाने लढत नसे’ हे तुमच्या जपानी सामुराई योद्ध्यांवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. ‘हेइके मोनोगातारी’ या जुन्या जपानी युद्धकथेतला ११८४ सालचा उजी नदीचा प्रसंग आठवा. नदी आधी कोण पार करतो यावर सासाकी आणि काजिवारा या दोन योद्ध्यांची चुरस. दोघेही एकाच पक्षाचे! काजिवारा पुढे जातोय म्हटल्यावर सासाकी मागून ओरडतो, ‘अहो, घोड्याचा तंग (खोगिराचा पट्टा) सैल झालाय, आवळून घ्या.’ तो बिचारा तंग आवळत बसतो नि हा पाण्यात घोडा घालून पलीकडे पहिला. वर स्वतःचं नाव मोठ्याने पुकारतो. कथा त्याला दोष देत नाही, उलट मजा घेते. त्याच गर्दीत एकाला त्याच्या गुरुस्थानी असलेला वीर उचलून काठावर भिरकावतो, तर हा पठ्ठ्या उठून म्हणतो, पायदळात पहिला मीच! दोन्हीकडचे सैनिक हसतात.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गंभीर तलवारबाजीची तयारी करूनच बसलो होतो. तलवारीपेक्षा धनुष्य आणि घोडाच जास्त भेटले. आणि रडणारे योद्धे! शत्रुपक्षातल्या कोवळ्या आत्सुमोरीचं डोकं उडवण्याआधी कुमागाई या योद्ध्याला आपलाच मुलगा आठवतो. तो प्रसंग लेखात हवाच होता.