कॉफी सोड, फ्लॅट घे

परवा एका अनोळखी गृहस्थांनी माझं बँक स्टेटमेंट भर बँकेत मोठ्यानं वाचून दाखवलं. राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे पुढचं जरा तिरकं वाटलं तर वाटू द्या.

गृहकर्जाच्या चौकशीला गेले होते. कर्जवाले साहेब "पाचच मिनिटं" म्हणून डबा खायला गेले आणि मी बाकड्यावर बसले. मांडीवर फाइल. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. त्या स्टेटमेंटची पानं सटकून खाली पडली, ती शेजारच्या काकांनी उचलली. मला वाटलं, आता देतील. त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला.

काका टीडीएसचा फॉर्म द्यायला आले होते. आमच्या पुण्यात एप्रिलचा पहिला आठवडा बँकांनी त्यासाठीच राखून ठेवलेला असतो. माझ्या ठेवींच्या व्याजातून टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापू नका, असं ज्येष्ठांनी दरवर्षी लिहून द्यायचं असतं. हे काम मोबाइलवरही होतं, पण मग बँकेत जायचं कशाला? काकांच्या कापडी पिशवीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेक्झिनची, तिच्यात पासबुकं आणि प्रत्येक पासबुकाला स्वतंत्र रबरबँड. पेन घरचं. काउंटरवरच्या बांधलेल्या पेनाची रिफील संपलेली असते आणि दोरी आखूड असते, हे त्यांनी मला बसल्या बसल्याच सांगितलं होतं. ते खरं होतं, हे मी मागाहून तपासलं.

"स्विगी, ३१२," काका म्हणाले. मी हात पुढे केला. त्यांनी पान दुसऱ्या बाजूला नेलं. "स्विगी, २८९. परत स्विगी, ४०५. हा कोण स्विगी?"

"अहो, ते जेवण आणून देतात," पासबुक छापायच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. "आमच्या सुनेकडे येतात की."

"म्हणजे या घरी करत नाहीत?" हा प्रश्न मला नव्हता. तो आजींना होता, रांगेला होता आणि थोडा दारातल्या बंदूकवाल्या वॉचमनला होता. वॉचमननं मान हलवली. नेमकी कोणत्या बाजूनं, ते कळलं नाही.

"काका, द्या ना ते."

"थांब गं, बघतोय. जिम, १४,०००." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कितव्या मजल्यावर राहतेस?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट आहे?"

"आहे."

"मग ती बंद समजायची. चौदा हजार वाचले."

रांग हसली. खरं सांगते, त्यातले दोघं माझ्याच वयाचे होते आणि त्यांच्या हातात तसलेच कागदी कप होते, तरी तेही हसले. आपलं स्टेटमेंट दुसऱ्याच्या हातात नसलं की माणूस फार लवकर काटकसरी होतो.

मग ती नोंद आली. "यूपीआय, कॅफे, २५०. कशाचे?"

"कॉफीचे."

"किती जणांच्या?"

"माझ्या एकटीच्या."

काकांनी चष्मा काढला. कॅशियरनं नोटा मोजणं थांबवलं. आजींनी "अगं बाई" म्हटलं. एवढी शांतता त्या शाखेत सर्व्हर डाऊन असतानाही नसते. "अडीचशे रुपयांत," काका सावकाश बोलू लागले, "आमच्या घरी महिन्याचं दूध यायचं." आणि मग ते वाक्य आलंच, जे येणार हे मला चष्मा निघाला तेव्हाच कळलं होतं. "तुमच्या पिढीची घरं ना, या कपातच वाहून गेली."

मला जे खुपतंय ते वेगळंच आहे. त्याच पानांवर दर महिन्याच्या पाच तारखेला एक नोंद होती, भाडं २४,०००. अशा सहा नोंदी. काकांनी त्या सगळ्या "भाडं, भाडं" करत एका श्वासात ओलांडल्या आणि अडीचशेला येऊन ठेचकाळले. पानावरचा सगळ्यात मोठा आकडा कुणालाच दिसला नाही, कारण त्यात चैन नव्हती, नुसता खर्च होता.

बरं, काकांचा सल्ला मी मानायचा ठरवलाच तर काय होतं? मी बघितलेला फ्लॅट पुनावळ्याच्या पुढे आहे. इतका पुढे, की बिल्डरचा माणूस अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, "हायवेपासून सात मिनिटं" एवढंच म्हणतो. बांधकाम चालू. किंमत ६८ लाख. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँकेला किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, तो रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे फार तर ५४ लाख ४० हजार. उरलेले १३ लाख ६० हजार माझे. त्यावर मुद्रांक शुल्क. आमच्याकडे पुरुषांना ७ टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६. (एकटं राहण्याचा सरकारनं मान्य केलेला एवढा एकच फायदा माझ्या ऐकण्यात आहे.) ते झाले ४ लाख ८ हजार. नोंदणी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, ३ लाख ४० हजार. खिशातून एकूण २१ लाख ३८ हजार. भागिले अडीचशे, ८,५५२ कप. मी आठवड्याला दोन पिते. सोडले तर ८२ वर्षांत पैसे जमतात. आज मी चौतीसची आहे, म्हणजे एकशे सोळाव्या वर्षी बुकिंगला जाईन. ज्येष्ठांचा तो टीडीएसचा फॉर्म भरायलाही तेव्हा अडचण येणार नाही.

हे मी काकांना ऐकवलं नाही. मनात म्हटलं. कारण तोवर काका १९८६ सालात गेले होते.

काका पाटबंधारे खात्यात होते. पगार १,७०० आणि कोथरूडला दोन खोल्या, एक लाख दहा हजार. "लोक वेड्यात काढायचे. कोथरूडला रिक्षावाले येत नव्हते." साठ हजार कर्ज, चौदा टक्क्यांनी, दोन जामीनदार, हप्ता आठशे. म्हणजे जवळजवळ अर्धा पगार. बाकीचे प्रॉव्हिडंट फंडातून, आणि तरी कमी पडले तेव्हा काकूंच्या पाटल्या. "नंतर परत केल्या नाहीत," असं ते जरा हळू आवाजात म्हणाले आणि त्या वेळी मला ते आवडले. हे सोपं नव्हतंच. दहा वर्षं चौघांनी मिळून एक सिनेमा बघितला नाही, सायकलचं दुकान फ्रीजच्या दुकानापेक्षा जवळचं वाटायचं, हे सगळं मी मानते.

पण गोष्टीचा पुढचा भाग काका सांगत नाहीत, कारण तो त्यांना गोष्टीचा भागच वाटत नाही. १९९६ पासून पाचवा वेतन आयोग लागू झाला. महागाई वाढली की महागाई भत्ता वाढायचा, पगार वर जायचा आणि हप्ता बिचारा तिथंच, आठशे. काही वर्षांत त्याची चिल्लर झाली. बाजूला टाकलेल्या पैशांचंही तेच. १९८६ पासून पुढं बरीच वर्षं पीपीएफला, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या बचत खात्याला, १२ टक्के मिळत होते. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट, कुणाच्या पाया पडायला नको. आज पीपीएफ ७.१ वर आहे, २०२० पासून. काकांनी काटकसर केली हे खरं, पण तिला वर व्याजही होतं. ते व्याज काका स्वतःच्या स्वभावात जमा धरतात.

आमच्या कर्जाचा तर दर कधी हलेल सांगता येत नाही. माझ्या मैत्रिणीनं २०२१ मध्ये वीस वर्षांचं कर्ज घेतलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, ४ वरून साडेसहावर गेला. बँकेनं हप्ता वाढवला नाही, फार प्रेमानं मुदत वाढवली. दोन वर्षं इमानेइतबारे हप्ते भरून तिची अठरा वर्षं उरायला हवी होती, सत्तावीस उरली. तिनं फोन करून विचारलं, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅम, तुमच्या सोयीसाठीच."

आमच्या घरात या विषयावर दोन टोकं आहेत आणि मी मधे. बाबा साताऱ्याला शिक्षक होते, रोजचा हिशेब डायरीत. भाजी ६, रिक्षा २, इतर १. त्या 'इतर १' वरून आईबाबांचं एकदा दोन दिवस बोलणं बंद होतं. कर्ज म्हणजे त्यांच्या लेखी चारचौघांत मान खाली घालणं, त्यामुळे त्यांनी घर निवृत्तीच्या पैशांतून बांधलं, जिने चढताना गुडघे कुरकुरायला लागल्यावर. दुसऱ्या टोकाला ऑफिसमधला चोवीस वर्षांचा मुलगा. फोन नो कॉस्ट ईएमआयवर, बूट ईएमआयवर, गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट क्रेडिट कार्डावर. तो म्हणतो, "ताई, हप्ता ४७ हजार आणि भाडं २४. घर घेतेसच कशाला?" त्याचं गणित बिनचूक आहे, म्हणून त्याचाही राग येतो. त्याला अजून घरमालकाचा "मुलाचं लग्न ठरलंय, तुम्ही महिन्याभरात बघा कुठंतरी" असा फोन आलेला नाही. मला आलाय. आणि मुलाचं लग्न ठरलेलं नव्हतं, भाडं वाढवायचं ठरलेलं होतं.

असो. बाकड्यावर परत यायला हवं, कारण काकांचं खरं काम अजून राहिलंय.

सध्या त्यांची कोथरूडची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. नवा फ्लॅट फुकट, जागा आधीपेक्षा जास्त आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं बिल्डर देतो. "म्हणजे काका, तुम्हीही सध्या भाडेकरूच," मी म्हटलं. त्यांना ते अजिबात रुचलं नाही. "छे छे, आमचं स्वतःचं घर आहे, फक्त ते आत्ता पाडलंय."

मग एकदम आठवल्यासारखे म्हणाले, "तुला २४ हजार भाडं पडतं का?" म्हणजे नोंद दिसली होती तर! "वारज्याला माझा एक टू-बीएचके रिकामा आहे. मुलासाठी घेतला होता, तो कॅनडाला गेला. दोन वर्षं कुलूप आहे. छान हवा येते."

मी सावरून बसले. माणूस किती पटकन माफ करतो बघा. "किती भाडं?"

"सव्वीस. डिपॉझिट एक लाख, अकरा महिन्यांचा करार. घरी कोण कोण?"

"मी एकटीच."

काकांचा चेहरा खरंच पडला. "अरेरे. आम्ही फॅमिलीलाच देतो गं. तसं माझं काही नाही, सोसायटीला चालत नाही."

"सोसायटीचे सेक्रेटरी कोण आहेत?"

"मीच," काका म्हणाले आणि तेवढ्यात त्यांचं टोकन लागलं.

पिशव्या एकमेकींत घालून ते उठले. पानं मला परत दिली, पेन खिशात लावलं आणि जाता जाता "हिशेब करून ठेवलाय, बघ" असं सांगून गेले. मी पान उलटलं. माझ्या कपांची सहा महिन्यांची बेरीज आणि ते पैसे दरमहा साठवले असते तर दहा वर्षांत किती झाले असते, ते निळ्या बॉलपेननं सुवाच्य मांडलेलं होतं. व्याज १२ टक्क्यांनी धरलं होतं.

कर्जवाले साहेब अडीच वाजता आले. फाइल चाळली, स्टेटमेंटपाशी थांबले, पान उलटं केलं, परत सुलटं केलं. "हे काय लिहिलंय?"

"ते माझं नाही. त्या तिकडच्या काकांनी..."

"मॅडम, असं खाडाखोड केलेलं चालत नाही. पगार जमा होतो त्या बँकेतून नवीन घ्या, प्रत्येक पानावर सही-शिक्का हवा."

ती शाखा हडपसरला आहे. शिक्क्याच्या प्रतीचे शंभर रुपये पडतात, अधिक जीएसटी, आणि ते खात्यातूनच वळते होतात. म्हणजे पुढच्या स्टेटमेंटमध्ये तीही एक नोंद असणार.