चेंडू वाटले म्हणजे झालं नाही

वस्तीतल्या मुलांच्या फुटबॉलवरच्या एका लेखात म्हटलंय की त्यांना चेंडू आणि मैदान द्या, बाकी आपोआप होईल. तसं होत नाही. नागपुरात क्रीडा प्राध्यापक विजय बारसे सरांनी २००१ मध्ये 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू केलं आणि ते टिकलं, कारण खेळ जागेला जुळवून घेतला गेला. उदाहरणार्थ, बेघरांच्या विश्वचषकाचं, म्हणजे बेघर खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचं मैदान २२ बाय १६ मीटरचं असतं, एका बाजूला चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढी जागा वस्तीतही निघते. शिवाय चौघांत प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. अकरा-अकरात लहानगी नुसती धावतात.

चेंडूचा नंबर म्हणजे त्याचं माप: आठ ते बारा वर्षांसाठी चार नंबरचा, त्याहून लहानांना तीन नंबरचा. सगळ्यांना मोठ्यांचा पाच नंबरचा आणणं ही नेहमीची चूक. मुरमाच्या जमिनीवर शिवलेल्या चेंडूचे टाके लवकर उसवतात, तिथे मोल्डेड (साच्यात घडवलेला, बिनटाक्यांचा) रबरी चेंडू बरा. हवा भरताना सुई आधी ओली करा, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. आणि दोन मुलांमागे एक चेंडू हवाच, नाहीतर सराव म्हणजे रांगेत उभं राहणं.

वेळ ठरवताना आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा! पाणी भरायच्या वेळेला सराव ठेवला की सर्वांत आधी मुली गळतात. त्यांच्यासाठी महिला प्रशिक्षक आणि जवळपास स्वच्छतागृह नसेल, तर वयात आल्यावर त्या येणं थांबवतात. देणगीदारांनी जर्सीआधी यावर खर्च करावा, ही कळकळीची विनंती.