अडकलेलं बोट

नागपूरच्या उन्हाळ्यात घरातल्या कर्त्या पुरुषाचं एकच कर्तव्य असतं, कूलरमध्ये पाणी टाकणं. मे महिन्यात एका सकाळी मी बादली रिकामी केली, कडी सोडली, पण माझ्या उजव्या अनामिकेनं ती सोडली नाही. बाकीची बोटं उघडली, ही मात्र आकड्यासारखी वाकलेलीच. डाव्या हातानं ओढल्यावर 'टक्' करून सरळ झाली. मग हे रोजचंच झालं. तर्री पोह्याच्या ठेल्यावर नोट पुढे केली, तर बोट ती सोडेना. ठेलेवाला म्हणाला, "द्याचे नसन तं तसं सांगा न भाऊ!"

धंतोलीत डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी तळहात दाबला आणि माझ्या तोंडून आई निघाली. "ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारी दोरी एका कड्यातून सरकते. कडं जाड झालं की दोरी अडकते. शुगर आहे का?" आहे. "मग शंकाच नको, शुगरवाल्यांना हे जास्त होतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ."

स्टेरॉइड! हा शब्द माझ्याआधी घरी पोचला. शेजारचे काका फाटकातूनच, "काऊन हो, या वयात बॉडी बनवून राहिले का?" मी सांगितलं, दंड फुगवणारं वेगळं, हे सूज उतरवणारं. यातल्या कॉर्टिसोनच्या कामाला 1950 साली नोबेल मिळालंय. काका म्हणाले, "नोबेल भेटलं तं काय, सुईच आहे न!"

सुईच होती. तळहातात टोचलेली सुई दंडातल्या सुईची सावत्र बहीण असते, एवढंच सांगतो. औषधात बधिर करणारं लिग्नोकेन मिसळलेलं, म्हणून पाच मिनिटांत बोट गार. मी वाटेतच चौघांना फोन करून बरा झाल्याचं कळवलं. संध्याकाळी लिग्नोकेन उतरलं आणि रात्रभर हात ठणकला. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं म्हणे: एक-दोन दिवस दुखेल, खरा गुण यायला आठवडाही लागेल. मी तेव्हा सुईकडे बघत होतो.

सकाळी उपाशीपोटी शुगर 212. "चार-पाच दिवस वाढणारच, रोज मोजा," डॉक्टर फोनवर म्हणाले. फोन स्पीकरवर होता, ही माझी चूक. ज्या हातानं बायकोनं फोन ठेवला, त्याच हातानं संत्रा बर्फीचा डबा उचलला. "अहो, तुमचं बोट अडकलेलं होतं ना, तेच बरं होतं!"

दोन आठवड्यांत बोट सुटलं. परवा काका आले, लंगडत. इकडे-तिकडे बघून हळूच विचारलं, "तुमचा तो डॉक्टर टाचेत बी देते का?"

मी आता तज्ज्ञ. "तळव्याकडून दुखत असेल तर देतात कधीकधी, पण आधी व्यायाम, मऊ चप्पल. मागच्या जाड शिरेत मात्र सहसा नाही, ती तुटायची भीती असते."

काका बराच वेळ टाच चोळत बसले. मग म्हणाले, "अन् बर्फी?"